कारखान्यात चिकटवलेला सांधा निखळला, तर जबाबदार कोण?

प्रश्न : रेडिओवर चालणारी मॉडेल विमानं उडवण्याचा मला छंद आहे. सहा महिन्यांपूर्वी ऑनलाइन एक बाल्सा या हलक्या लाकडाचं एआरएफ, म्हणजे जवळपास तयार अवस्थेतलं किट घेतलं. तिसऱ्याच उड्डाणात पुढची फायरवॉल, म्हणजे मोटर जिच्यावर बसते ती नाकातली प्लायची फळी, मोटरसकट सुटली आणि विमान नाकावर आपटलं. मोटर, रिसिव्हर, बॅटरी, सगळं गेलं. विक्रेता म्हणतो, जोडणी तुम्ही केलीत आणि पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय की जोडणी सुरू केल्यावर कंपनीची जबाबदारी संपते. मी पुस्तिकेत दिलेल्यापेक्षा एक इंच मोठा प्रोपेलर लावला होता, हेही सांगतो. काही करता येईल का? नाहीतर नाक पुन्हा चिकटवून विमान उभं करावं म्हणतो.

उत्तर : आधी एक कळकळीची विनंती. नाक चिकटवू नका. तुमची तक्रार उभी राहील ती त्या तुटलेल्या लाकडाच्या जोरावर. त्यावर इपॉक्सी गोंदाचा एक थेंब जरी पडला, तरी पुढे कोणता गोंद कारखान्याचा आणि कोणता तुमचा हे कुणालाच सांगता येणार नाही.

तुम्ही पाठवलेले फोटो मी मोठे करून पाहिले. फायरवॉलच्या प्लायच्या मागच्या बाजूला गोंदाचे तीन चकचकीत ठिपके आहेत आणि बाकी लाकूड कोरं आहे. लेझरने कापताना करपलेली तपकिरी कडही जशीच्या तशी दिसते. सांधा नीट चिकटलेला असता तर गोंदाआधी बाल्सा फाटला असता आणि त्याचे तंतू प्लायला लागून आले असते. इथे दोन्ही बाजू स्वच्छ सुटल्या आहेत. एवढा बोलका पुरावा अशा तक्रारीत क्वचितच हाती लागतो.

आता तो सांधा कुणी चिकटवला? विक्रेत्याला उत्तर त्याच्याच पुस्तिकेत मिळेल. पहिल्याच पायरीच्या फोटोत फायरवॉल बसवलेला सांगाडा दिसतो आणि तुम्हाला करायला सांगितलेलं काम हिंज, म्हणजे हलत्या पट्ट्यांच्या बिजागऱ्या, चिकटवण्यापासून सुरू होतं. म्हणजे ‘जोडणी तुमची’ हे या सांध्याबाबत खरं नाही. एलेरॉनचे, म्हणजे पंखाच्या मागच्या हलत्या पट्ट्यांचे, हिंज उपटून विमान पडलं असतं आणि ते तुम्ही चिकटवलेले असते, तर मी तुम्हाला पुढे जाऊ नका असंच सांगितलं असतं. सुट्या फळ्यांचं, सगळं स्वतः बांधायचं किट असतं तरी प्रश्न वेगळा झाला असता. तिथे कंपनीकडे बोट दाखवता येतं ते मुख्यतः लाकूड, कापणी आणि आराखडा यांपुरतं.

पुस्तिकेतल्या ‘जबाबदारी संपते’ या ओळीला घाबरू नका. ती ओळ खरेदीनंतर, खोका उघडल्यावर तुमच्यासमोर आली. पैसे मोजताना तुम्ही तिला संमती दिली होती असं म्हणता येत नाही. वस्तू विक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ मध्ये माल विक्रीयोग्य दर्जाचा असण्याची अट गृहीत धरलेली आहे. ग्राहकाने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत दिसायलाच हवे होते असे दोष मात्र तिच्यातून वगळले आहेत. पिळलेला पंख, सुरकुतलेलं कव्हरिंग, डावी-उजवीकडे असमान बसलेलं शेपूट हे खोका उघडताच दिसतं आणि त्याची तक्रार तेव्हाच करायची असते. मोटरच्या चौकटीमागे दडलेला गोंद तसा दिसत नाही.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली तुमच्या दोन मागण्या होतात, त्या एकत्र मिसळू नका. पहिली किटची : दोषयुक्त माल म्हणून बदली किंवा पैसे परत, कलम ३९ प्रमाणे. ही मला भक्कम वाटते. दुसरी मोटर, रिसिव्हर आणि बॅटरीची. ही उत्पादन दायित्वात, म्हणजे सदोष उत्पादनाने केलेल्या हानीच्या भरपाईत येते, कारण कलम २(२२) मधल्या ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द उत्पादनाचं नुकसान वगळलेलं आहे, पण तुमची इतर मालमत्ता वगळलेली नाही. निर्माता परदेशी असेल आणि त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल, तर कलम ८६ खाली विक्रेत्यालाही धरता येतं.

तुमचा प्रोपेलर आडवा येतो तो या दुसऱ्या मागणीत. उत्पादनाचा गैरवापर किंवा त्यात बदल झाला असेल तर कलम ८७ विक्रेत्याला बचाव देतं, आणि तो हा मुद्दा पुढे करणारच. लपवू नका, स्वतःहून मांडा. उड्डाणाआधी जमिनीवर, मोटर किती वीज खेचते ते मोजणारा वॉटमीटर लावून केलेली नोंद असेल आणि भार मोटरच्या मर्यादेत असेल, तर ती जोडा. तीन ठिपक्यांवर लटकलेली फायरवॉल लहान प्रोपेलरनेही सुटली असती हा युक्तिवाद आपण करू, पण निकाल तुमच्याच बाजूने लागेल असं वचन मी देणार नाही.

आधी विक्रेत्याला लेखी नोटीस द्या आणि पोर्टलच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार नोंदवा. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. तेवढ्यावर भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. उड्डाणाचा व्हिडिओ मूळ कार्डावरच राहू द्या. त्याची प्रत दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल. गरज पडल्यास आयोग नमुना सील करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, म्हणून फायरवॉल आणि नाकाची चौकट वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा आणि पुसू नका.

मधेच विक्रेत्याने नवं किट देऊ केलं तर घ्या, पण मोटर-रिसिव्हरची मागणी कायम आहे हे पोचपावतीवर लिहून. आणि त्या किटची फायरवॉल आधी आतून टॉर्च लावून बघा, फोटो काढा. गोंद कमी दिसला तर चिकटवण्याआधी मला कळवा.