लॅक्टेशन कन्सल्टंट होऊन इंग्लंडला येण्याविषयी

तुम्ही पुण्यात प्रसूतीपश्चात वॉर्डमध्ये चार वर्षे स्टाफ नर्स आहात, पुढच्या वर्षी इंग्लंडला येणार आहात, आणि लॅक्टेशन कन्सल्टंटची, म्हणजे स्तनपान सल्लागाराची, परीक्षा येण्यापूर्वी द्यावी की आल्यानंतर, असे तुम्ही विचारले आहे. माझे उत्तर असे आहे, की परीक्षा केव्हाही द्या, परंतु तिच्यासाठी लागणारे कामाचे तास भारतातच पूर्ण करून, सहीशिक्क्यानिशी नोंदवूनच निघा.

ही परीक्षा १९८५ मध्ये स्थापन झालेले इंटरनॅशनल बोर्ड ऑफ लॅक्टेशन कन्सल्टंट एक्झामिनर्स हे मंडळ घेते. आयबीसीएलसी हे त्याचे प्रमाणपत्र देश बदलला तरी कायम राहते. मात्र दर पाच वर्षांनी त्याचे नूतनीकरण करावे लागते. अर्जाचे वेगवेगळे मार्ग आहेत; परिचारिकेला त्यांपैकी पहिल्या मार्गाने (पाथवे १) अर्ज करता येतो. त्यासाठी स्तनपानविषयक ९५ तासांचे शिक्षण लागते, ज्यात संवादकौशल्याचे ५ तास येतात, आणि अर्जापूर्वीच्या पाच वर्षांत मातांना स्तनपानासाठी प्रत्यक्ष मदत केल्याचे किमान १,००० तास लागतात. दुसऱ्याचे काम नुसते पाहिल्याचे किंवा स्वतःच्या बाळाला पाजल्याचे तास यात धरले जात नाहीत.

पाच वर्षांची ही अट मला फार उशिरा कळली. सांगलीला मी सहा वर्षे बाळंतिणींमध्येच काम केले होते, पण त्यातील एका तासाचीही नोंद ठेवली नव्हती. इंग्लंडला आल्यावर माझी नेमणूक वृद्ध रुग्णांच्या वॉर्डमध्ये झाली आणि तीन वर्षे एकाही नवमातेशी माझा संबंध आला नाही. पुढे अर्ज करायला बसले तेव्हा जुने काम बरेचसे मुदतीबाहेर गेले होते, आणि उरलेल्याची साक्ष देणाऱ्या मेट्रन निवृत्त झाल्या होत्या. नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागात बदली मिळवून मी ते तास पुन्हा शून्यापासून जमवले. ते काम मला मनापासून आवडले, परंतु गेलेली वर्षे परत मिळाली नाहीत, म्हणूनच इतक्या आग्रहाने लिहीत आहे.

आयबीसीएलसीमुळे इथे परिचारिकेची नोकरी मिळत नाही, हेही ध्यानात ठेवा. त्यासाठी नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल या इथल्या परिचारिका-प्रसाविकांच्या नियामक मंडळाची नोंदणी वेगळी करावी लागते: इंग्रजीची परीक्षा, भारतातूनच देता येणारी संगणकावरील परीक्षा, आणि इकडे आल्यावर ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा. आपल्याकडे परिचारिका व प्रसाविका अशी जोड नोंदणी मिळते. इथे त्या दोन स्वतंत्र नोंदण्या आहेत आणि भारतातून येणाऱ्या बहुतेकींना केवळ परिचारिकेचीच मिळते. स्तनपान सल्लागाराच्या जागा थोड्या असतात आणि त्यांसाठी बहुधा मिडवाइफ (प्रसाविका) किंवा हेल्थ व्हिजिटर (लहान मुलांच्या कुटुंबांना घरी भेट देणारी प्रशिक्षित परिचारिका) मागितली जाते, त्यामुळे पहिली नोकरी त्याच कामाची मिळेल असे धरून चालू नका.

कामाची पद्धतही बदलावी लागेल. गर्दीच्या वॉर्डमध्ये आम्ही एका हाताने आईचे स्तन आणि दुसऱ्या हाताने बाळाचे डोके धरून बाळाला लावून देत असू आणि पुढच्या खाटेकडे वळत असू. इथे प्रथम शिकवले गेले ते हात आवरायला. कापडी स्तन आणि बाहुली घेऊन दाखवायचे, आईने स्वतः करून पाहायचे, आणि स्पर्श करावा लागलाच तर आधी परवानगी घ्यायची. डोके मागून दाबले की बाळ मान मागे टाकते आणि स्तन नाकारते, हे मी पूर्वी शेकडो वेळा पाहिले होते, पण त्याचे कारण माझाच हात आहे हे मला उमगले नव्हते. शिवाय इथली आई अनेकदा प्रसूतीच्या दुसऱ्याच दिवशी घरी जाते, पतीची पितृत्वरजा फार तर दोन आठवड्यांची असते, आणि बाळंतपणाला माहेरी जाण्याची रीत नाही. रात्री दोन वाजता तिला जे जमते तेच तिच्या कामी येते.

तेव्हा या आठवड्यातच तुमच्या इन्चार्ज सिस्टरांना भेटा. गेल्या चार वर्षांतील स्तनपान साहाय्याच्या तासांचे पत्र रुग्णालयाच्या लेटरहेडवर मागून घ्या, आणि पुढच्या कामासाठी एक वही करा. तीत तारीख, ड्यूटी, त्यातील केवळ स्तनपानाच्या मदतीचा वेळ आणि मदतीचे स्वरूप लिहा, रुग्णाचे नाव मात्र लिहू नका, आणि प्रत्येक महिनाअखेरीस सिस्टरांची सही घेत जा.