पहाटेचं दूध आदल्या तारखेला का लागतं?

प्रश्न : आमच्या दूध संस्थेचं संकलनाचं सॉफ्टवेअर आता भाड्याच्या क्लाऊड सर्व्हरवर आहे. पहाटे पाचला संकलन सुरू होतं. साडेपाचच्या आत घातलेलं दूध आदल्या तारखेला लागतं, नंतरचं बरोबर लागतं. दहा दिवसांच्या बिलावरून सभासद भांडायला येतात. सर्व्हरचं घड्याळ साडेपाच तास पुढे करू का?
— सचिव, दूध संस्था, करवीर तालुका

उत्तर : सचिवसाहेब, घड्याळ पुढे करू नका. भारतीय वेळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, ५ तास ३० मिनिटं पुढे असते आणि क्लाऊडवरचे लिनक्स सर्व्हर बहुतेक वेळा यूटीसीवरच ठेवलेले मिळतात. तुमच्याकडे पहाटेचे ५.१० होतात तेव्हा सर्व्हरकडे आदल्या रात्रीचे ११.४० असतात. त्यामुळे ११ तारखेचं पहिलं दूध १० तारखेला, म्हणजे मागच्या बिलात जातं. जो सगळ्यांच्या आधी किटली घेऊन येतो त्याचाच हिशेब बिघडावा, हे मला फार लागलं. म्हणून हे लगेच करून घ्या.

वेळ हातानं पुढे ढकललीत, तर वेळ जुळवणारी क्रोनीसारखी सेवा ती पुन्हा मागे आणेल. बदलायचा आहे तो टाइमझोन, म्हणजे कोणत्या देशाची वेळ दाखवायची ती सेटिंग. संकलन नसेल अशा दुपारी आधी बॅकअप घ्या, मग ‘टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन एशिया/कोलकाता’ ही आज्ञा द्या. यादीत मुंबई शोधू नका, सगळ्या भारताला हेच एक नाव आहे. त्यानंतर डेटाबेस, क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारी सेवा) आणि तुमचं सॉफ्टवेअर रीस्टार्ट करा. चालू असलेले प्रोग्राम बऱ्याचदा जुनाच टाइमझोन धरून बसतात. डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये टाइमझोन वेगळा लिहिलेला असतो, तोही बदला.

फरक बरोबर साडेपाच तासांचा आहे, म्हणून मी इतक्या खात्रीनं सांगतोय. चार-पाच मिनिटांचा असता, तर वेळ जुळवणारी सेवा बंद आहे का ते बघायला सांगितलं असतं. ती चालू आहे ना, हे तरी एकदा बघाच. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या किंवा एनआयसीच्या (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या) सर्व्हरशी वेळ जुळवा, असे सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत.

आता जुन्या नोंदी. इथे घाई नको. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ‘टाइमस्टॅम्प’ प्रकारचा कॉलम आतून यूटीसीतच साठवतो. टाइमझोन बदलला की जुन्या वेळा आपोआप बरोबर दिसतील. त्यात कुणी साडेपाच तास मिळवले, तर तारखा उलट्या बाजूनं चुकतील. ‘डेटटाइम’ असेल तर मात्र बदलाआधीच्या नोंदींत ते मिळवावे लागतील. संकलनाची तारीख वेगळ्या कॉलमात असेल, तर तीही तपासून घ्या. कॉलम कोणता आहे, हे सॉफ्टवेअरवाल्याकडून लिहून घ्या. वाटप झालेली बिलं मात्र जशी आहेत तशीच ठेवा. ते दूध मागच्या बिलात धरलं गेलंय, पुन्हा धरलंत तर दोनदा पैसे जातील.