चालत्या गाडीची सगळी लाइट जाते, बॅटरी बदलूनही

तुमची अडचण मला समजली ती अशी. साडेतीनशे सीसीची सात वर्षांची बाइक. पुण्यात सिंहगड रोडवर पावसात चालता चालता मीटर, हेडलाइट, हॉर्न, इंजिन सगळं एका क्षणात बंद. दहा मिनिटांनी चावी फिरवली तर जणू काही झालंच नव्हतं अशी चालू. मेकॅनिकने नवी बॅटरी टाकली, पंधरा दिवसांनी नवले पुलाच्या उतारावर पुन्हा तेच. फ्यूज शाबूत आहे, बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, आणि आता अख्खं वायरिंग बदला असं सांगताहेत.

वायरिंग इतक्यात बदलू नका. आणि दोष सापडेपर्यंत ही गाडी रात्री बायपासला नेऊ नका, हे कळकळीने सांगतो. नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर मागून भरलेले ट्रक येत असतात. तिथे टेललाइट आणि इंडिकेटर दोन्ही नसलेली गाडी त्यांना दिसतच नाही.

आता दोषाकडे. तुमच्या वर्णनात सगळ्यात कामाचा शब्द आहे ‘एका क्षणात’. चार्जिंग बिघडलं असतं तर गाडीने आधी कुरकुर केली असती: हॉर्न बसका येतो, इंडिकेटर मंदावतात, सेल्फ जड फिरतो, मग इंजिन मिसिंग करतं. सगळं एकदम जातं आणि एकदम परत येतं तेव्हा कुठलातरी जोड सुटतोय आणि पुन्हा टेकतोय. किल स्विच किंवा साइड स्टँडच्या स्विचवर वेळ घालवू नका. त्यांनी इंजिन बंद पडेल, मीटर आणि हॉर्न जाणार नाहीत.

म्हणजे जिथून सगळ्यांचा करंट जातो तेवढाच रस्ता तपासायचा, आणि तो छोटा आहे. बॅटरीचा प्लस, तिथून मेन फ्यूज (बऱ्याच गाड्यांत तो स्टार्टर रिलेपाशीच, म्हणजे सेल्फला करंट सोडणाऱ्या स्विचपाशीच असतो), तिथून जाड वायर हँडलखालच्या इग्निशन लॉककडे, आणि लॉकमधून बाहेर पडल्यावर फाटे. परतीच्या बाजूला बॅटरीचा मायनस आणि त्याची इंजिनला किंवा चेसिसला बोल्ट केलेली अर्थ वायर. बाकीच्या वायरींना सध्या हात लावायची गरज नाही.

मग प्रश्न उरतो की मल्टीमीटरवर (व्होल्ट मोजायच्या यंत्रावर) १२.६ दिसतात तर बिघाड कुठला? इथेच बहुतेकांची फसगत होते. मल्टीमीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. वायरच्या आतल्या वीस तारांपैकी एकच शिल्लक असली तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवेल. नळ बंद असताना गच्च तुंबलेल्या पाइपातही पाण्याचा दाब पूर्ण असतो, नळ उघडला की करंगळीएवढी धार येते. तसंच हे. म्हणून लोड चालू ठेवूनच मोजायचं. मी गाडीच्या विजेबद्दल जे काही शिकलो त्यातलं हे एकच वाक्य सांगायचं झालं तरी हेच सांगेन.

पद्धत अशी. मल्टीमीटर नसेल तर बुधवार पेठेत तापकीर गल्लीत साधा मिळतो, तो पुरतो. डीसी २० व्होल्टच्या रेंजवर ठेवा. चावी ऑन, हेडलाइट हाय बीमवर, ब्रेक दाबून धरायला घरातलं कुणीतरी. लाल काडी बॅटरीच्या प्लस खांबावर टेकवा. खांबावर म्हणजे शिशाच्या खांबावरच, वरच्या नट-बोल्टवर नव्हे. काळी काडी रस्त्यात पुढे पुढे नेत जा: आधी वायरच्या टर्मिनलवर, मग फ्यूजच्या अलीकडे, फ्यूजच्या पलीकडे, इग्निशन लॉकच्या कपलरमध्ये (वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या प्लगमध्ये) आत जाणाऱ्या वायरवर, बाहेर येणाऱ्या वायरवर. मीटर जो आकडा दाखवतो तेवढे व्होल्ट त्या दोन काड्यांच्या मध्ये हरवताहेत. निरोगी गाडीत लॉकच्या पलीकडेपर्यंत मिळून ०.३ च्या आसपास हरवतात. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर शोधा, आणि ज्या दोन ठिकाणांमध्ये आकडा उडी मारतो तिथेच तुमचा दोष आहे. अर्थच्या बाजूलाही तसंच: एक काडी मायनस खांबावर, दुसरी इंजिनच्या रंग नसलेल्या धातूवर, आणि सेल्फ मारा. सेल्फचा करंट मोठा असल्यामुळे सैल अर्थ लगेच उघडी पडते.

हरवलेले व्होल्ट उष्णता होऊन बाहेर पडतात. एखाद्या जोडात अर्धा ओहम अडथळा असेल आणि ६ अँपिअर वाहत असतील, तर तिथे ३ व्होल्ट हरवतात आणि १८ वॅट उष्णता तयार होते. एवढीशी उष्णता कपलरचं प्लास्टिक पिवळं करून वितळवायला पुरते. वितळलं की आतली पिन सैल होते, अडथळा वाढतो, उष्णता आणखी वाढते. तुमची गाडी दहा मिनिटं उभी राहिल्यावर चालू होते, त्याचं एक कारण हेच असू शकतं: जोड थंड होतो आणि पिन पुन्हा टेकते. म्हणून फ्यूज नुसता बघून ‘शाबूत’ म्हणू नका. तो काढून त्याचे पाय आणि होल्डरच्या पट्ट्या बघा. काळपट, निळसर किंवा सैल दिसल्या तर होल्डरच बदलायचा. तो नाना पेठेत मिळतो, आणि वायरिंगच्या तुलनेत अगदीच स्वस्त पडतो.

आकडे ठीक आले तर गाडी चालू ठेवून हँडल सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. मग चावीचा जुडगा हलवा, सीटखालचा गठ्ठा हलवा, फ्यूज बॉक्सवर टिचकी मारा. एका वेळी एकच गोष्ट हलवायची आणि गाडीच्या मीटरच्या दिव्यांवर नजर ठेवायची. चावीला पाच-सहा किल्ल्या आणि कीचेन लटकत असतील तर तेही काढून टाका. त्या वजनाने लॉकचे आतले संपर्क झिजतात.

माझ्या जुन्या गाडीने मला ताम्हिणीत जुलैच्या पावसात असंच उभं केलं होतं. त्याआधी बॅटरी बदलून झाली होती, रेक्टिफायरही (बॅटरी चार्ज करायला एसीचा डीसी करणारा भाग). शेवटी एका संध्याकाळी पार्किंगमध्ये हँडल डावीकडे पूर्ण वळवलं आणि सगळं गेलं, सरळ केलं आणि आलं. हँडलच्या मानेपाशी, जिथे वायरींचा गठ्ठा रोज हजारदा वाकतो, तिथे मेन वायर आतून तुटली होती. वरचं आवरण शाबूत होतं. ब्लेडने सोलल्यावर आतलं तांबं हिरवं पडलेलं, दोन-तीन तारा उरलेल्या. दोन पार्ट विनाकारण गेले ते केवळ मोजायच्या आधी बदलल्यामुळे.

अशी वायर सापडली तर लखलखीत तांबं लागेपर्यंत कापत जा, तेवढ्याच जाडीचा तुकडा जोडा आणि क्रिंप करून (धातूची नळी पक्की दाबून) वर हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी चढवा. पीळ देऊन काळी टेप गुंडाळलेला जोड पुढच्या पावसाळ्यात परत त्रास देणार. वाकणाऱ्या जागी सोल्डर करू नका. सोल्डरने वायर ताठ होते आणि जोडाच्या शेजारीच तुटते. जोड थोडा मागे, टाकीखाली न्या.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही: जादाचे फॉग लाइट किंवा मोबाइल चार्जर बसवलाय का? आणि त्याची वायर कुठून घेतली आहे? लॉकच्या वायरवरून थेट फॉग लाइट घेतलेल्या गाड्या मी बऱ्याच पाहिल्या, आणि लॉक जळण्याचं ते अगदी ठरलेलं कारण. असेल तर आधी काढा आणि मग मोजा. पुढे बसवायचेच असतील तर रिले आणि वेगळा फ्यूज टाकून थेट बॅटरीवरून घ्या.

चार्जिंगही एकदा बघून ठेवा म्हणजे शंका नको: बॅटरीच्या खांबांवर ३,५०० आरपीएमच्या आसपास साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट यायला हवेत. आले तर स्टेटर (इंजिनमधला वीज तयार करणारा भाग) आणि रेक्टिफायर या दोन्हींवरचा संशय सोडून द्या.

काम करताना बॅटरीचा मायनस आधी काढा, लावताना शेवटी लावा. मोठ्या अँपिअरचा फ्यूज किंवा चांदीचा कागद कधीच नाही, तिथे वायर पेटते. इंजिन चालू असताना बॅटरी सोडवून चार्जिंग तपासायची जुनी पद्धत फ्युएल इंजेक्शनच्या गाडीवर करू नका, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जाऊ शकतो.

रविवारी सकाळी तासभर काढून एवढं करा आणि मला तीन आकडे कळवा: प्लस खांबापासून फ्यूजच्या पलीकडेपर्यंत, प्लस खांबापासून लॉकच्या पलीकडेपर्यंत, आणि सेल्फ मारताना मायनस खांबापासून इंजिनपर्यंत. फ्यूज होल्डरचा जवळून काढलेला फोटोही टाका. मला पहिला संशय त्याच्यावर आहे, दुसरा हँडलच्या मानेवर.