पहिला केग कोणता घ्यावा?

प्रश्न : गिरगावातील आमच्या दोन खोल्यांच्या घरी बिअर तयार करून केगमध्ये, म्हणजे वायूचा दाब सोसणाऱ्या धातूच्या पिंपात, भरण्याचा विचार आहे. कोणता केग घ्यावा?

उत्तर : महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याविना घरी बिअर तयार करणे गुन्हा आहे, तेव्हा तूर्त आल्याच्या सोड्यावर हौस भागवावी, केग, नळ वगैरे उपकरणे तीच लागतात. १९ लिटरचा केग भरल्यावर वीस किलोंच्या वर जातो आणि घरगुती फ्रिजमध्ये क्वचितच मावतो, म्हणून साडेनऊ लिटरचा, तोही कप्प्याची उंची मोजूनच, घ्यावा. फ्रिज मात्र हवाच, कारण ४ अंशांवर १० ते १२ पीएसआय (दाबाचे एकक) दाबाने पेयात जेवढा कार्बन डायऑक्साइड वायू मुरतो, तेवढ्यासाठी मुंबईच्या तीस अंशांच्या उकाड्यात तिपटीहून अधिक दाब लागतो. काटकसर पेय ओतण्याच्या नळावर करावी, वायूचा दाब राखणाऱ्या रेग्युलेटरवर नव्हे. आणि या वायूचा सिलिंडर उघडताच प्रत्येक सांध्याला साबणाचे पाणी लावावे, बुडबुडा फुगला की गळती तिथेच.