पॉलिशचं ‘नंतर बघू’ म्हणालीस म्हणून

प्रिय पोरी,

लाकडाचे पातळ तुकडे लेसरनं कापून, एकमेकांत बसवून करायच्या तुझ्या कमळाच्या चित्राची फाइल उघडून बघितली. छान झालीय. पाकळ्यांना जांभळं पर्पलहार्ट, पानांना अक्रोड, मागे फिकं मेपल, सगळं डोळ्यासमोर आलं. व्हिनिअर (लाकडाचा पातळ पापुद्रा) आणून ठेवलंयस, लेसर मशीनचा वेळ घेतलायस, आणि खाली एका ओळीत टाकलंयस की पॉलिशचं नंतर बघू. त्या ओळीवरच अडकलो मी, कारण मीही असाच नंतर बघू म्हणणारा होतो आणि त्यापायी एक अख्खा खंड्या घालवलाय.

खंड्या म्हणजे तो पक्षी गं, गळा-छाती पांढरी आणि डोकं-पोट विटकरी. पांढऱ्याला मेपल घेतलं, विटकरीला पडाउक, जे ताजं कापलं की लालभडक असतं. तुकडे इतके चपखल बसले की रात्री दोनदा उठून बघून आलो. सकाळी कापडाच्या बोळ्यानं लाखेच्या पॉलिशचा पहिला हात मारायला घेतला, बोळा पोटावरून छातीवर आला, आणि पांढऱ्या छातीवर गुलाबी फराटा! लाख स्पिरिटमध्ये विरघळवलेली असते आणि पडाउकचा रंग स्पिरिटमध्ये सुटतो हे मला तोपर्यंत कोणी सांगितलंच नव्हतं. पुसून जाईना म्हणून घासायला बसलो, व्हिनिअर ते केवढं, ०.६ मिलिमीटर, घासता घासता एका जागी खालचा प्लायच दिसायला लागला. तो खंड्या अजून आहे माझ्याकडे, भिंतीकडे तोंड करून ठेवलाय.

म्हणून आधी तुझ्या पाकळ्यांचं बोलू. पर्पलहार्टचा जांभळा रंग उजेडात राहत नाही, हळूहळू तपकिरी होतो. पडाउकचंही तेच. अक्रोड उलट फिका पडतो आणि मेपल पिवळसर होत जातं, म्हणजे काही वर्षांनी तुझी पानं, पाकळ्या आणि मागची जमीन सगळी एकमेकांच्या जवळ सरकणार. यूव्ही रोखणारं पॉलिश मारलं तर हे लांबतं, थांबत नाही. अठराव्या शतकात जर्मनीत डेव्हिड रेंटगेन म्हणून मोठा कारागीर होता, त्याच्या फर्निचरवरची फुलं रंगवलेल्या लाकडाची होती, चांगली भडक, आज बघितलीस तर बरीचशी तपकिरी दिसतात, तरी चित्र टिकलंय कारण गडद-फिक्याचा हिशोब पक्का आहे. तू व्हिनिअरचे तुकडे शेजारी ठेव आणि मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढ. त्यात पाकळी आणि पान वेगळं दिसत नसेल तर लाकूड बदल, आत्ताच, कापायच्या आधी.

आता लेसर. किरण स्वतःची जागा खातो, त्याला कर्फ म्हणतात, सीओटू लेसर मशीनवर व्हिनिअर कापताना तो साधारण ०.१ ते ०.२ मिमी येतो. मागच्या मेपलमधलं भोक आणि त्यात बसणारा तुकडा दोन्ही एकाच रेषेवर कापलेस तर भोक मोठं होतं, तुकडा लहान होतो आणि चारी बाजूंनी कर्फएवढी फट राहते. तू फाइलमध्ये ०.१ धरलायस, तो कुठून आणलास? दुसऱ्याच्या मशीनचा आकडा घेऊ नकोस. एका ओळीत एकमेकांना चिकटून १० चौकोन काप, सगळे एका बाजूला सरकव, उरलेली फट मोज आणि ११ ने भाग, कारण काप ११ असतात. १.६५ आली तर कर्फ ०.१५. मग तुकडा बाहेरच्या बाजूला तेवढाच वाढव आणि भोक आहे तसं ठेव.

अजून एक, किरण जिथून शिरतो तिथे काप किंचित रुंद असतो, म्हणून मी दर्शनी बाजू खाली ठेवून कापतो आणि तिला मास्किंग टेप लावतो, नाहीतर खालच्या जाळीवरून उसळलेल्या धुराचे डाग बरोबर तोंडावर येतात. अर्थात मग फाइल आरशासारखी उलटवायला लागते. तुझ्या कमळाला फारसा फरक पडणार नाही, अक्षरं असतील तेव्हा आठवण ठेव (माझी एक पाटी आरशात वाचावी लागते, असो). आणि मशीन चालू असताना फोनवर बोलत बाहेर जायचं नाही, पातळ लाकूड आहे, पेटतं.

कडेला काळी रेघ येणारच. काहींना ती पेनाने काढल्यासारखी आवडते, मलाही गडद लाकडात चालते, पण मेपलला ती काजळ घातल्यासारखी दिसते. पॉवर कमी, स्पीड जास्त आणि हवेचा झोत नीट असला की रेघ बारीक होते. कड घासून काळं काढायला जाऊ नकोस, मेहनतीनं जमवलेलं फिटिंग जाईल. पण ती काजळी तिथेच बसून असते आणि तू पातळ तेल किंवा पॉलिश भरपूर ओतून पुसलंस की तीच उठून मेपलच्या अंगात जाते.

चिकटवायला पांढरा गोंद चालेल, पातळ थर दे, जास्त झाला की सांध्यांतून वर येतो आणि तिथे पॉलिश शिरत नाही, फिके ठिपके दिसतात. कॉन्टॅक्ट अॅडहेसिव्ह (रबरी गोंद) नको, वरच्या पॉलिशमधलं सॉल्व्हंट आत गेलं की फुगे येतात. आणि ज्यावर चित्र चिकटवशील त्या बोर्डाच्या मागेही व्हिनिअर लाव, एकाच बाजूला लावलंस तर बोर्ड वाकतो.

पॉलिश म्हणशील तर तुझ्यासाठी माझं मत सरळ आहे. तेल नको. अक्रोडवर तेल इतकं सुंदर दिसतं की मोह होतो, पण मेपल पिवळं करतं. (कधी जवसाचं तेल वापरलंस तर चिंध्या बोळा करून टाकायच्या नाहीत, त्या आपोआप तापून पेट घेतात, पसरून वाळव.) तू मेण काढलेली, फिक्या रंगाची लाख घे, १ लिटर स्पिरिटला साधारण १२० ग्रॅम, म्हणजे अगदी पातळ, आणि पहिले दोन-तीन हात फवारून दे, हलके, ओलं दिसायच्या आत थांब. बोळा फिरलाच नाही की काजळी आणि रंग जागच्या जागी बंद होतात. बाटलीवर तारीख लिही, विरघळवलेली लाख जुनी झाली की नीट वाळत नाही, चिकट राहते. त्यानंतर भिंतीवर लावायचं असेल तर लाखेचेच आणखी हात पुरे. टेबलवर जाणार असेल तर लाख पाण्याला आणि गरम भांड्याला टिकणार नाही, वरून वॉटर-बेस पीयू (पॉलियुरेथेन) मार, ते पिवळं पडत नाही. लाख मेण काढलेलीच हवी ती यासाठीही, मेणावर पीयू नीट धरत नाही.

सँडिंग लाखेचा थर बसल्यावरच, २२० नंबरच्या सँडपेपरने, हाताने. आधी घासलंस तर अक्रोडची भुकटी मेपलमध्ये बसते. इलेक्ट्रिक सँडर तर कपाटातच राहू दे.

तर मशीनची वेळ रद्द करू नकोस, फक्त त्या दिवशी कमळ कापू नकोस. एक पाकळी, एक पान आणि त्यामागची जमीन एवढाच तळहाताएवढा नमुना काप, चिकटव, लाख मार, पीयू मार, सगळं शेवटपर्यंत कर. मग अर्धा भाग काळ्या कागदानं झाकून खिडकीत ठेव, मागे पेन्सिलनं तारीख टाक, आणि महिन्याभरानं कागद काढून मला फोटो पाठव.

तुझा,
काका