मंडळाच्या खर्चाचे सबटोटल: आधी एवढंच करा

एक्सेलमध्ये मांडव, प्रसाद, लाइट, ढोल-ताशा अशा प्रत्येक खात्याची वेगळी बेरीज हवी असेल, तर आधी खात्याच्या कॉलमवर सॉर्ट करा, म्हणजे एकाच खात्याच्या ओळी एकाखाली एक येतील. मगच डेटा टॅबमधलं सबटोटल, म्हणजे गटागटाची बेरीज आपोआप टाकणारी सोय. नवशिके बहुतेकदा इथेच अडकतात. सबटोटल फक्त वरून खाली बघतं आणि नाव बदललं की बेरीज टाकतं. सॉर्ट नसेल तर ‘प्रसाद’ची बेरीज चार ठिकाणी दिसेल.

दुसरं, नावं एकसारखी लिहा. एका ओळीत ‘मांडव’, दुसरीत ‘मंडप’, की झाले दोन गट. नावामागे चुकून पडलेली स्पेससुद्धा तेच करते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही!

बाकी थोडक्यात:
- रकमेच्या खान्यात ‘५०० रु.’ लिहू नका, नुसतं ५०० लिहा. अक्षरं आली की एक्सेल तो आकडा बेरजेत धरत नाही.
- मर्ज केलेले (एकत्र जोडलेले) सेल सुटे करा आणि मधल्या रिकाम्या ओळी काढा.
- सबटोटलचं बटण फिकं दिसतंय? यादीचं एक्सेलचं ‘टेबल’ केलेलं असेल. ते साध्या रेंजमध्ये, म्हणजे नेहमीच्या सेलमध्ये, बदला.

सबटोटल टाकलं की डावीकडे १, २, ३ अशी बटणं येतील. २ दाबलंत की फक्त खातेनिहाय बेरजा आणि एकूण बेरीज उरते. खजिनदारांना तेवढंच दाखवा. नवीन बिलं आली तर सबटोटलच्या खिडकीतलं ‘रिमूव्ह ऑल’ करून ती भरा, पुन्हा सॉर्ट, पुन्हा सबटोटल. मूळ ओळी जागच्या जागी राहतात, बिनधास्त करा.

पिव्होट टेबलच्या (सारांश काढणाऱ्या एक्सेलच्या दुसऱ्या सोयीच्या) नादी एवढ्यात लागू नका.