इलेक्ट्रिक गाडीतल्या एडासचा खरा अनुभव कसा आहे? त्यासाठी वरचं व्हेरियंट घ्यावं का?

माझ्याकडे लेव्हल २ एडासवाली इलेक्ट्रिक गाडी आहे (एडास म्हणजे कॅमेरा-रडारने चालवायला मदत करणारी यंत्रणा, आणि लेव्हल २ म्हणजे वेग आणि स्टिअरिंग दोन्हीत गाडी मदत करते पण लक्ष आपणच ठेवायचं), तीन वर्षं होऊन गेली, ४५ हजार किलोमीटरच्या वर चालवलीय आणि त्यातला बराच भाग हायवेचा आहे. तुम्ही विचारलंय की हे सगळं रोजच्या वापरात खरंच कामाचं आहे का, आणि त्यासाठी वरचं व्हेरियंट घ्यावं का. घ्या. पण घेतल्यावर पहिल्या महिन्यात एकच गोष्ट नीट शिका, ती म्हणजे गाडी आपला ताबा कधी आणि कशी सोडते. मला जे वाईट अनुभव आले ते जवळपास सगळे त्या सोडण्याच्या क्षणातले आहेत म्हणून त्याबद्दलच जास्त लिहितो.

आधी चांगलं सांगतो. अडॅप्टिव्ह क्रूझ, म्हणजे ठरवलेला वेग धरून पुढच्या गाडीप्रमाणे तो आपोआप कमी-जास्त करणारी सोय, इलेक्ट्रिक गाडीत फार छान चालतं. मोटर लगेच प्रतिसाद देते, गियर बदलायचा प्रश्न नाही, आणि वेग कमी करायचा झाला तर बहुतेक वेळा रिजनवरच (मोटरच गाडीचा वेग कमी करते आणि ती वीज बॅटरीत परत जाते) भागतं त्यामुळे धक्का बसत नाही. माझ्या आधीच्या पेट्रोल गाडीतलं क्रूझ पुढची गाडी जरा हळू झाली की मान हलेल असं ब्रेक मारायचं, इथे तसं होत नाही. चार-पाच तासांच्या प्रवासानंतर उजवा पाय आणि कंबर दोन्ही शाबूत असतात हे मी मनापासून सांगतो. पुढच्या गाडीपासूनचं अंतर मात्र सगळ्यात जास्त वर ठेवा. १०० च्या वेगाला गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते, म्हणजे दोन सेकंदांचं अंतर ठेवलं तरी ते ५५ मीटरच होतं, आणि अंतर जास्त असलं की गाडीचा वेग आधीपासून हळूहळू कमी होतो, वीज बॅटरीत परत जाते, कमी अंतरावर तीच गाडी सारखी ब्रेक-ॲक्सिलरेटर करत बसते. मधे कोणी घुसतं, घुसू द्या.

आता जे शोरूममध्ये कोणी सांगत नाही ते. गाडी घेऊन दोनच महिने झाले होते, हायवेवर क्रूझ लावून चाललो होतो, पाय खाली मोकळा ठेवलेला, एक्झिट आली म्हणून स्टिअरिंगवरच्या बटणाने क्रूझ कॅन्सल केलं. वन पेडल मोड चालू होता, म्हणजे ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की गाडी स्वतःच थांबायला लागते. क्रूझ सुटल्याक्षणी गाडीने बघितलं की ॲक्सिलरेटरवर पाय नाहीये, म्हणजे थांबायचंय, आणि पूर्ण रिजन लावला. ब्रेक लाइट लागले, बायकोच्या मांडीवरची पिशवी खाली पडली, आणि मागची गाडी हॉर्न देत बाजूच्या लेनमध्ये गेली म्हणून वाचलो. पेट्रोल गाडीत क्रूझ काढलं की गाडी थोडी घरंगळत राहते, आपल्या पायाला तीच सवय असते. तेव्हापासून मी आधी पाय पेडलवर ठेवतो, हलकासा दाब देतो, पॉवर मीटरचा काटा हलला की मगच कॅन्सल करतो. सगळ्या गाड्यांत हे सारखं नसतं, काहींत रिजनची लेव्हल कमी करता येते, काही घरंगळतात, पण तुमची काय करते ते मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नसताना करून बघा. आणि अजून एक, बॅटरी १०० टक्के भरलेली असेल किंवा खूप थंडी असेल तर रिजन कमी मिळतो. क्रूझ चालू असताना ते कळत नाही कारण गाडी स्वतःच साधे ब्रेक वापरून भरपाई करते, पण क्रूझ काढलं आणि पाय उचलला की गाडीचा वेग रोजच्यापेक्षा कमी उतरतो, तिथे ब्रेकवर पाय तयार हवा.

दुसरी गोष्ट थांबलेल्या गाड्यांची. रडारला चालणारी वस्तू चांगली कळते पण रस्त्यात इतक्या स्थिर वस्तू असतात, बोर्ड, पूल, कठडे, की प्रत्येकीसाठी ब्रेक मारला तर गाडी चालणारच नाही, म्हणून बऱ्याच सिस्टीम स्थिर वस्तूंकडे दुर्लक्ष करतात किंवा कॅमेऱ्याने दुजोरा दिला तरच थांबतात. हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, मी वाचलंही होतं. एकदा पुढची गाडी अचानक लेन बदलून बाजूला झाली आणि समोर इंडिकेटर लावून उभा ट्रक. माझ्या गाडीच्या दृष्टीने पुढचा अडथळा गेला, रस्ता मोकळा, म्हणून तिने सेट केलेल्या वेगाकडे जायला वेग घ्यायला सुरुवात केली, आणि इलेक्ट्रिक गाडी वेग घेते म्हणजे लगेच घेते. मी ब्रेक मारला. कदाचित अजून थोड्या वेळाने तिने स्वतः मारला असता, पण ते बघायला मी थांबलो नाही आणि तुम्हीही कधी थांबू नका. पुढची गाडी लेन सोडतेय असं दिसलं की पाय ब्रेकवर, ही सवय अंगी लागू द्या.

याच्या उलटही होतं. पुलाखालच्या गडद सावलीत काहीच नसताना गाडीने दोनदा जोरात ब्रेक मारला. सर्व्हिस सेंटरला दाखवलं तर लॉगमध्ये काही सापडलं नाही म्हणाले. पुढच्या सॉफ्टवेअर अपडेटनंतर ते बंद झालं, पण त्याच अपडेटनंतर लेन असिस्ट (गाडीला लेनमध्ये ठेवायला स्टिअरिंग वळवणारी सोय) आधीपेक्षा जास्त ओढायला लागलं, म्हणजे रात्री एक गाडी लावली आणि सकाळी स्वभाव बदललेली गाडी मिळाली असं होतं. म्हणून प्रत्येक अपडेटनंतर पहिला अर्धा तास मी नवीन गाडी असल्यासारखी चालवतो.

लेनच्या बाबतीत दोन वेगळ्या गोष्टी असतात, ब्रोशरमध्ये त्या एकत्र करून सांगतात. एक म्हणजे पट्टा ओलांडायला लागलात तर हलकं ढकलून परत आणणारं, दुसरं सतत मधोमध ठेवणारं. मला दुसऱ्याची भीती वाटते ती अशी, की पट्टे पुसट झाले किंवा वळण जरा जास्त असलं की ते सुटतं आणि क्रूझ मात्र चालूच राहतं. माझ्या गाडीत तेव्हा फक्त हिरवं चिन्ह करडं होतं, आवाज नाही काही नाही. गाडी त्याच वेगात चाललीय आणि स्टिअरिंग कोणीच धरलेलं नाही अशी एक-दोन सेकंदं जातात. म्हणून हात कायम स्टिअरिंगवर. काही गाड्यांत हात ठेवला की स्पर्शावरून कळतं, माझ्या गाडीत हलका जोर लावावा लागतो नाहीतर ओरडते, घेताना हे विचारा कारण लांबच्या प्रवासात फार फरक पडतो. लोक स्टिअरिंगला वजन लटकवून हे फसवतात ते कृपा करून करू नका.

लेव्हल २ म्हणजे जबाबदारी पूर्ण ड्रायव्हरची. टेस्लासारख्या कंपनीलाही डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत २० लाखांहून जास्त गाड्यांचा रिकॉल करावा लागला, कारण ऑटोपायलट चालू असताना ड्रायव्हरचं लक्ष आहे की नाही हे बघायची सोय पुरेशी नाही असं तिथल्या सुरक्षा यंत्रणेचं म्हणणं होतं. रस्त्यावरून नजर काढायची मुभा लेव्हल ३ ला मिळते, आणि मर्सिडीजला जर्मनीत २०२१ च्या डिसेंबरमध्ये तशी मंजुरी मिळाली तीसुद्धा ठरावीक हायवेवर आणि ६० च्या वेगापर्यंतच. आपण घेतोय ते त्याच्या खालचं आहे.

मग वरचं व्हेरियंट का घ्या म्हणतोय? ज्या गोष्टी गाडी चालवत नाहीत, नुसतं लक्ष ठेवतात, त्यांच्यासाठी. ब्लाइंड स्पॉटचा आरशातला दिवा, आपोआप लागणारा इमर्जन्सी ब्रेक, आणि रिव्हर्स घेताना आडवं येणारं ओळखणारं. मागच्या वर्षी पार्किंगमधून गाडी मागे घेत होतो, बाजूला मोठी व्हॅन उभी त्यामुळे काही दिसत नव्हतं, कॅमेऱ्यातही अजून काही आलं नव्हतं, आणि गाडीने एकदम स्वतःहून ब्रेक मारला. मला राग आला की परत विनाकारण मारला. मग मागून सात-आठ वर्षांचा मुलगा सायकलवरून गेला. इलेक्ट्रिक गाडीचा त्या वेगात आवाज जेमतेम असतो, त्याला ती चालू आहे हे कळलंही नसेल. मी पाच मिनिटं तिथेच बसून होतो. वरच्या व्हेरियंटला दिलेल्या जास्तीच्या पैशांचा विचार मी त्या दिवसानंतर केला नाही.

पुढची काच बदलली तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन करून घ्याच. माझं एकदा नीट झालं नव्हतं तर गाडी आठवडाभर डाव्या पट्ट्याला चिकटून चालत होती. बंपरमागचा रडार चिखलाने झाकला किंवा सूर्य समोर आला की अर्ध्या गोष्टी बंद होतात, हे रोजचं आहे. आणि घरात दुसरं कोणी गाडी चालवणार असेल तर आधी शेजारी बसून त्यांना क्रूझ लावायला आणि काढायला शिकवा. मी बाबांना लावायला शिकवलं होतं, काढायला नाही, आणि माझ्यासारखाच धक्का त्यांना बसला.

टेस्ट ड्राइव्हला जाल तेव्हा हायवेचा तुकडा मागून घ्या, शोरूमभोवतीच्या फेरीत काही कळत नाही. क्रूझ लावा, एकदा बटणाने काढा, एकदा ब्रेकने काढा, दोन्ही वेळा मागे कोणी नाही हे बघून, आणि लेन असिस्ट सुटलं की आवाज येतो का ते ऐका. आवाज येत नसेल तर मी दुसरी गाडी बघेन.